इवाईबुवा कुठं उतरणार?

अमेरिकेत शिरायची जेवढी म्हणून दारं आहेत, त्या प्रत्येक दारावर कोण बसतो, कसा बसतो आणि त्याचं डोकं दिवसात किती वाजता फिरतं, याची खडान्खडा माहिती असलेला जगातला एकमेव माणूस अकोल्यात राहतो, आणि तो माझा व्याही आहे. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. त्यांची मुलगी ती माझी सून. ती आणि माझा मुलगा दोघंही तिकडे नोकरी करतात, त्यांना चार वर्षांची एक मुलगी आहे, आणि त्या मुलीपायी आम्ही दोन्हीकडची म्हातारी माणसं आळीपाळीनं तिकडे जातो. सहा महिने ते, सहा महिने मी आणि माझी बायको. मी अमरावतीत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. अमेरिकेतल्या नद्या, गव्हाचे पट्टे, पंचमहासरोवरं मी फळ्यावर न बघता काढायचो. पण इवाईबुवांनी त्या देशाबद्दल मला आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. "तुमाले नद्या माहीत हायत, इवाईबुवा," ते म्हणतात, "मले माणसं पायजेत." तेही मला इवाईबुवाच म्हणतात, त्यामुळे आम्ही दोघं बोलायला लागलो की तिसऱ्याला कोण कोणाला सांगतंय ते कळत नाही.

माणसं पाहणं हा त्यांचा जुना नाद. एकतीस वर्षं ते अकोल्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे काचेच्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते सांगणारे. त्या काचेतून आयुष्यभर रांगा पाहिल्यामुळे कुठल्याही रांगेत नुसतं जाऊन उभं राहणं त्यांना जमत नाही. आधी ते लांब उभे राहतात, खिशात हात घालून, आणि रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाचा अभ्यास करतात. वीजबिल भरायला गेले की तीन खिडक्यांपैकी सगळ्यात लांब रांग पकडतील आणि वर आपल्याला सांगतील, "थ्या खिडकीतल्या बाईनं आत्ता डबा उघडला. अर्धा तास गेला समजा." आमच्या मुलांच्या लग्नात वधूपिता म्हणून सगळे त्यांना शोधत होते, तेव्हा ते जेवणाच्या मंडपात कोपऱ्यात उभे राहून कुठला वाढपी वरातीतल्या म्हाताऱ्यांना गरम पोळी देईल ते हेरत होते. आम्ही हसायचो. पण गेल्या वर्षी जुलैत माझी बायको न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडून बसली, आणि मी नुसता रिक्षा रिक्षा करत होतो, तेव्हा हा माणूस अकोल्याहून दोन तासांत अमरावतीला आला, तीन दवाखान्यांसमोर वीस-वीस मिनिटं उभा राहिला, आणि म्हणाला, "तिसऱ्यात न्या. तिथून बाहेर निघणारी माणसं कमी घाबरून राहिली." तिसऱ्यात नेलं. हाड उत्तम जुळलं.

ते हाड मोडलं आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं. जुलैत पाळी आमची होती. इवाईबुवा जानेवारी ते जून राहून नुकतेच परतले होते, आंघोळ करून प्रवासाचा शीण काढत होते म्हणा ना. इहीनबाई, म्हणजे त्यांची बायको, पाच वर्षांपूर्वी वारल्या, त्यामुळे ते एकटेच जातात. ऑगस्टात ते आमच्या जागी पुन्हा गेले. मी फोनवर संकोचून काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाले, "पोरगी काय नुसती तुमची नात हाय का? ठेवा फोन." डिसेंबरात आले. आणि आल्यावर आठ दिवसांत बातमी आली. सूनबाईला फेब्रुवारीत दुसरं मूल होणार हे तर ठाऊक होतं, पण आता डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायलाच मनाई केली आहे. माझा मुलगा नोकरी करणार, बायकोला बघणार की चार वर्षांच्या मुलीला? मला साधा कुकर लावता येत नाही. इवाईबुवांना बाळाला तेल लावण्यापासून बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांपर्यंत सगळं येतं; इहीनबाई गेल्यावर ते एकेक शिकत गेले. म्हणजे जायचं तर त्यांनीच.

अडचण अशी की आमच्याजवळ असतो तो पर्यटकाचा व्हिसा. तो मिळतो दहा वर्षांचा, पण दर वेळी विमानातून उतरल्यावर खिडकीतला अधिकारी ठरवतो, या माणसाला आत घ्यायचं की नाही आणि घ्यायचं तर किती दिवस. सहसा सहा महिने देतात. पण जो माणूस तेरा महिन्यांत दहा महिने तिकडे काढून पुन्हा दारात उभा राहतो, त्याला ते विचारतात, तुम्ही इथे फिरायला येता की राहायला? उत्तर पटलं नाही तर तिथल्या तिथून माघारी, आणि व्हिसाही जायचा. सूनबाई पलंगावर झोपून रोज फोन करायची आणि वडिलांना विचारायची, "बाबा, येऊ देतीन ना तुम्हाले?" हे म्हणायचे, "कावून नाई देणार? दार पाहून जाऊ." फोन ठेवला की मात्र त्यांचा चेहरा एकदम लहान व्हायचा.

दार पाहून जाऊ, म्हणजे कुठल्या विमानतळावर उतरायचं ते पाहून जाऊ. त्या सात आठवड्यांत इवाईबुवांनी अकोला आणि अमरावती या दोन शहरांतला अमेरिकेहून आलेला एकही म्हातारा सोडला नाही. कोणाची मुलगी तिकडे आहे असं कानावर आलं की हे डायरी घेऊन हजर. ओळख नाही, पाळख नाही. चहा यायच्या आत पहिला प्रश्न, "कुठं उतरले होते जी?" मग बाई होती का माणूस, चष्मा होता का, सकाळ होती का संध्याकाळ, किती प्रश्न विचारले, हसला का, हसला तर कितव्या प्रश्नाला. बडनेऱ्याच्या एका निवृत्त गार्डसाहेबांना तर त्यांनी साहेबाची खुर्ची फिरती होती का ते विचारलं. गार्डसाहेब मला नंतर रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुमचे पाहुणे तिथं दरोडा तं नाही टाकून राहिले ना?" परतवाड्याच्या एक बाई पाच वेळा जाऊन आलेल्या आहेत असं कळल्यावर इवाईबुवा भर थंडीत पहाटेच्या गाडीनं गेले, आणि त्या बाईंना एकदाही कोणी काही विचारलंच नाही हे ऐकून फार नाराज होऊन परत आले. "काही शिकाले भेटलं नाई," म्हणाले.

फोनवर विमानतळांची खरी नावं घ्यायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. कोण ऐकत असेल काय सांगता येतं? म्हणून त्यांनी आपल्या रेल्वे लाइनीवरची नावं ठेवली. जे सगळ्यात मोठं, जिथे जगभरची विमानं येऊन पडतात आणि जिथल्या खिडक्यांवर अतिशय बारकाईनं चौकशी होते असं डायरीवरून दिसत होतं, ते भुसावळ. आखातातल्या एका विमानतळावर अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच उरकून घेतात, तिथून पुढे थेट घरी. ते बडनेरा, कारण अमरावतीला यायचं तर आधी बडनेऱ्याला उतरतात. आणि एक लहानसं, दिवसाला मोजकीच परदेशी विमानं येणारं, ते मूर्तिजापूर. माझ्या मुलाला यातलं काही माहीत नसल्यामुळे एकदा तो ऑफिसातून घाबरून मला फोन करून म्हणाला, "बाबा, सासरे भुसावळला उतरायला इतके का घाबरताहेत? आणि अमेरिकेला येताना भुसावळला उतरायचंच कशाला?"

मग वाद. लहान ठिकाणी साहेबाला कामाची घाई नसते, तो निवांत खोदून विचारतो. मोठ्या ठिकाणी मागे हजार माणसं उभी, तो कंटाळून ठप्पा मारतो. हे एका दिवशीचं मत. दुसऱ्या दिवशी, लहान गावचा माणूस मायाळू, मोठ्या जंक्शनवरचा माणूस माणसाकडे माणूस म्हणून पाहतच नाही. बडनेरा बरं, कारण तिथून माघारी पाठवलं तर निदान अर्ध्याच रस्त्यातून. पण मग लेकीच्या दाराशी पोचलो होतो हेही समाधान नाही. माझा मुलगा वैतागला. मूर्तिजापूर त्याच्या घरापासून मोटारीनं पाच तासांवर होतं, आणि बायको अशी पलंगावर. तो म्हणाला, "कुठेही उतरा, पण एकदाचं सांगा." इवाईबुवा म्हणाले, "तुमी पाच तास गाडी चालवसान, मले मान्य हाय. पण मी परत गेलो तं तुमाले पाच महिने काम पडन." मूर्तिजापूर ठरलं.

आता उत्तरं. आमच्या दिवाणखान्यात तालीम झाली. मी साहेब झालो, इवाईबुवा फाइल छातीशी धरून समोर उभे राहिले. त्या फाइलीत घराचा उतारा, पेन्शनचं पुस्तक, परतीचं तिकीट आणि त्यांच्या कॉलनीतल्या हास्यमंडळाचं पत्र होतं. ते त्या मंडळाचे सचिव. पत्रात लिहिलं होतं, 'सदर गृहस्थांवाचून मंडळाचे कामकाज ठप्प होते.' ज्यानं त्यानं त्यांना सांगितलं होतं की बाळंतपणाचं नावच काढू नका, फिरायला आलो म्हणा, धबधबा पाहायचाय म्हणा. मी विचारलं, "कशासाठी आलात?" ते म्हणाले, "धबधबा पाह्याले." मी लगेच म्हटलं, "ठीक, जा आत." माझी बायको वॉकर धरून दारात उभी होती. ती म्हणाली, "हे काय विचारणं झालं? सरका तुम्ही." आणि ती खुर्चीत बसली. "गेल्या दहा महिन्यांत धबधबा दिसला नाही का तुम्हाला?" इवाईबुवा फाइल चाळायला लागले. "दिसला ना जी. म्हंजे... नाई दिसला. लेकीचं बाळंतपण हाय, बाई." आठ दिवस तालीम केली. आठही दिवस धबधब्यापासून निघालेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला बाळंतपणाशी पोचायचा. मी चिडायचो. बायको शेवटी मला म्हणाली, "त्यांना येत नाही खोटं बोलता. आणि हे बघा, मागची खेप आमच्या पाळीची होती, ती त्यांनी केली. त्यांना एकटं पाठवायचं नाही." परतवाड्याहून तिची बहीण येऊन राहिली आणि मी तीन आठवड्यांसाठी इवाईबुवांसोबत निघालो.

निघालो ते धुक्यात. जानेवारीच्या शेवटी नागपूरला सकाळी असं दाट धुकं पडलं की आमचं विमान अडीच तास जागचं हललं नाही. इवाईबुवा काचेला नाक लावून उभे. आखातात, बडनेरा नव्हे, दुसऱ्याच एका विमानतळावर उतरलो तेव्हा मूर्तिजापूरचं विमान चाळीस मिनिटांपूर्वी उडालेलं. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं आमची दोघांची तिकिटं पाहिली, पाच-सहा बटणं दाबली आणि हसून दोन नवे कागद पुढे केले. मी वाचलं. मग परत वाचलं. इवाईबुवांना इंग्रजी फारसं वाचता येत नाही, पण त्या विमानतळाची तीन अक्षरं त्यांना पाठ होती.

"भुसावळ," ते म्हणाले.

मी त्या मुलीला विचारलं, दुसरं काही नाही का? होतं; परवा. सूनबाईचे दिवस भरत आलेले, मुलगा सुट्टीवर सुट्टी काढतोय, आणि परवा. इवाईबुवा त्या कागदाकडे बघत उभे राहिले. सात आठवडे, दोन शहरं, एक अख्खी डायरी. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. ते म्हणाले, "चला. लेक वाट पाहून राहिली." पुढचे चौदा तास त्यांनी जेवणाच्या ट्रेला हात लावला नाही. फाइल मांडीवर घेऊन बसले होते. माझा मध्येच डोळा लागला, जाग आली तेव्हाही तसेच. हळूच म्हणाले, "इवाईबुवा, मले माघारी पाठवलं तं तुमी थांबा बरं का तिथं. कुकर लावणं मी तुमाले फोनवर सांगीन."

त्या विमानतळाच्या सभागृहात आमच्या गावची अख्खी बाजारपेठ मावली असती. रांग दोऱ्यांमधून साप वळावा तशी वळत होती. आणि इतक्या ताणातही हा माणूस टाचा उंच करून खिडक्या पाहत होता. "सातवीतला बरा हाय. नवव्या खिडकीतली बाई पाणी पिऊन राहिली, थेबी चालन. बारावी नको." रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यानं मला सातवीकडे पाठवलं आणि त्यांना बारावीकडे. माझं काम दोन मिनिटांत झालं. मी मागे वळून पाहिलं तर बारावीतला साहेब पासपोर्टाची पानं उलटत होता, पुढून मागे, मागून पुढे. इवाईबुवा ताठ उभे होते. मग साहेब उठला, त्यांचा पासपोर्ट एका पिवळ्या पाकिटात घातला, आणि त्यांना बाजूच्या एका दाराकडे घेऊन गेला. मी पुढे झालो तर एका बाईंनी मला नम्रपणे पण ठामपणे सामानाच्या पट्ट्याकडे जायला सांगितलं. दार लागलं. त्या दाराला काच नव्हती.

तिथून पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्या विमानाचं सामान फिरत होतं. माझी बॅग मी उचलली. त्यांची बॅग, जिच्यावर ओळखीसाठी त्यांनी पोळ्याच्या बैलाला शोभावी अशी लाल-पिवळी झूल शिवून घेतली होती, ती तशीच फिरत राहिली. उचलावी की नाही ते मला ठरवता येईना. उचलली तर आपण त्यांची सुटका गृहीत धरली असं व्हायचं, आणि नाही उचलली तर आपण आशा सोडली असं. माणसं कमी कमी होत गेली, पट्ट्यावर ती एकच बॅग उरली, आणि मग पट्टा थांबला. बाहेर मुलगा उभा होता. भुसावळ त्याला आणखी लांब पडलं होतं, सात तास गाडी चालवून आला होता. मी त्याला फोनवर सांगितलं, आत घेतलंय. तो म्हणाला, "ती विचारतेय. काय सांगू?" मी म्हटलं, सामान यायला उशीर होतोय असं सांग. भूगोलाच्या मास्तराला खोटं सहज येतं, हे त्या दिवशी कळलं. मला राहून राहून एकच वाटत होतं, त्या बंद दाराआड उभं राहणं खरं तर माझं होतं.

दार उघडलं. इवाईबुवा बाहेर आले ते हळूहळू, फाइल काखेत, पासपोर्ट हातात. माझ्याकडे पाहून मान हलवली. होकाराची की नकाराची, मला कळेना. "बॅग कुठं हाय?" त्यांनी विचारलं. तेव्हा मी तिथेच थांबलेल्या पट्ट्याच्या कडेवर बसलो.

आत काय झालं ते त्यांनी मोटारीत सांगितलं. साहेबानं विचारलं, भाषा कोणती? "हिंदी म्हटलं असतं तं चाललं असतं," ते म्हणाले, "पण भाषा कोणती विचारल्यावर दुसऱ्याची कशी सांगू?" मराठी म्हटल्यावर साहेबानं फोनवर मराठीची दुभाषी बाई बोलावली. बाईंची मराठी अगदी पुस्तकातली, बहुधा पुण्याकडची. त्यांनी विचारलं, "आपण कशासाठी आला आहात?" धबधबा घशाशी आला आणि तिथेच राहिला. हे म्हणाले, "लेकीचं बाळंतपण हाय. मी तिच्याकडं येऊन राहिलो." आता वऱ्हाडात येऊन राहिलो म्हणजे येतो आहे. बाईंनी साहेबाला सांगितलं, हे म्हणतात, मी मुलीकडे येऊन राहिलो. साहेब टेबलावर पुढे झुकला. केव्हापासून? "केव्हापासून काय, आत्ताच येऊन राहिलो ना!" आणि मागच्या वेळी? "नातीले पाहून राहिलो होतो." परत कधी जाणार? "जाऊन राहिलो ना जी जुलैत." बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "काका, म्हणजे तुम्ही तिथे राहताच का?" "राहत नाई हो बाई!" हे कळवळून म्हणाले, "येऊन राहिलो, येऊन राहिलो!" साहेबानं पेन उचललं.

"त्याच्या त्या पेनकडं पाह्यलं," इवाईबुवा म्हणाले, "अन् समजलं की गाडी चुकीच्या फलाटावर लागून राहिली. एक मिनिट थांबा म्हटलं. डोळे मिटले. अन् माइकवर बोलतो तसं बोललो." आणि त्यांनी मोटारीत आम्हाला ते बोलून दाखवलं, संथ, खणखणीत, प्रत्येक शब्द वेगळा. "कृपया इकडे लक्ष द्यावे. अकोल्याहून आलेले प्रवासी, वय वर्षे अडुसष्ट, हे आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठी येत आहेत. ते येथे राहत नाहीत. ते अकोला येथे राहतात. मागील खेपेस त्यांच्या विहिणीचे हाड मोडल्यामुळे ते दोनदा आले, याबद्दल त्यांना खेद आहे. काम संपताच ते परतीच्या प्रवासास निघतील." फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आता कळलं, काका," आणि सगळं पहिल्यापासून नीट साहेबाला सांगितलं. साहेबानं विचारलं, यांचा आवाज असा एकदम का बदलला? मग एसटी स्टँड निघालं, मग फाइल उघडली, मग हास्यमंडळाचं पत्र. साहेबानं विचारलं, हे नसले तर ते लोक खरंच हसत नाहीत का? "हसतात," इवाईबुवा म्हणाले, "पण वेळेवर येत नाईत." तिथे तो साहेब पहिल्यांदा हसला म्हणे. कितव्या प्रश्नाला ते त्यांनी या वेळी मोजलं नव्हतं.

पण साहेब हसला तरी साहेबच होता. त्यानं सांगितलं, तुम्ही खरं बोललात म्हणून आत सोडतो. पण हे फिरणं नव्हे. सहा महिने मिळणार नाहीत, दोन मिळतील. आणि यापुढे घरी जास्त राहा, इकडे कमी या. पुन्हा असं लागोपाठ आलात तर मला किंवा माझ्या जागी जो असेल त्याला नाही म्हणावं लागेल. इवाईबुवांनी त्याचे आभार मानले. मोटारीत मुलगा म्हणाला, "दोनच महिने?" हे म्हणाले, "सव्वा महिना निघते ना त्यात बाळंतिणीचा? मंग झालं तं."

नवव्या दिवशी मुलगा झाला, नातू. मी तीन आठवड्यांनी परतलो. इवाईबुवांनी त्या दोन महिन्यांत किती धुतलं, किती शिजवलं, किती जागले, ते मी पाहिलं तेवढंच मला माहीत. मुदतीच्या आठ दिवस आधीच ते निघाले. सूनबाई म्हणाली, राहा ना आणखी आठ दिवस, हक्काचे आहेत. ते म्हणाले, "साहेबाले सांगतलं होतं, काम संपताच निघीन." तेव्हापासून ते अकोल्यातच आहेत. आता निदान दीड वर्ष जायचं नाही, असं त्यांनी स्वतःशीच ठरवलं आहे. कोणी अमेरिकेला निघालंय असं कळलं तरी डायरी काढत नाहीत. मी एकदा विचारलं, तर विषय बदलून हास्यमंडळात हल्ली कोण कोण उशिरा येतं ते सांगत बसले.

माझ्या बायकोचा पाय आता बरा आहे, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं निघतोय. परवा इवाईबुवा अमरावतीला आले. मला वाटलं, आता तीन तास विमानतळ. एक अक्षर नाही. माझ्या बायकोसमोर खुर्ची ओढून बसले आणि घर समजावून सांगायला लागले. गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो, नातीला शाळेतून आणताना ती कुठल्या कुत्र्याला घाबरते, पोळीचे तुकडे करून दिले तर खात नाही, अख्खी गुंडाळून द्यायची. बायको वहीत लिहून घेत होती.

"अन् बाळ रडून राहिलं तं," ते म्हणाले, आणि सोफ्यावरची उशी उचलून त्यांनी डाव्या खांद्यावर घेतली, "असं घ्याचं. उजव्यावर नाई. तोंड भिंतीकडं. हात पाठीवर ठेवाचा नाई, मानेखाली ठेवाचा, असा. अन् चालाचं, पण हळू. मंग थे..." ते थांबले. उशी खांद्यावरच होती. "आता आठ महिन्याचं झालं असन, नाई का? बसत असन. खांद्यावर राह्यतच नसन आता." त्यांनी उशीकडे पाहिलं. "हे काही कामाचं नाई मंग तुमच्या."

बायकोनं वहीचं पान उलटलं. "सांगा ना," ती म्हणाली. "हात मानेखाली, आणि मग?"

इवाईबुवांनी उशी नीट केली, आणि खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, पाऊल न वाजवता चालायला लागले.